घरी आणलेलं पीठ

सुनावणी उद्यावर आली होती आणि बाबांचा खोकला अजून जागेवर बसत नव्हता. तसा तो गेली कित्येक वर्षं घरातल्या माणसासारखा राहत होता, पण वेळ पाळत नव्हता. धाकट्याने लिहून दिलेल्या निवेदनात तिसऱ्या ओळीनंतर कंसात 'थोडे थांबावे' असं होतं. तिथे खोकला आला तर समितीवर चांगला परिणाम होईल, असा बाबांचा हिशोब होता. पण तिथे छाती अगदी मोकळी व्हायची आणि खोकला यायचा तो पाचव्या ओळीला, 'माझ्या श्वासाचे अपहरण करणाऱ्यांनो' या शब्दांवर. मग अपहरण अर्धवटच राहायचं.

"अपहरण म्हणजे पळवून नेणं ना रे?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग सरळ तसं लिही ना. मी काय नाटकात उभा आहे?"

"बाबा, शब्दाला वजन लागतं," धाकटा म्हणाला. तो शाळेत इतिहास शिकवायचा. आयुष्यात एकदाही कोणाच्या विरोधात उभा राहिला नव्हता, त्यामुळे वडिलांच्या नावाने उभं राहायची संधी त्याला सोडवत नव्हती.

बाबांनी सव्वीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरघरात काढली होती. वाफेच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचा लगदा थापायचा, सुकला की घासून गुळगुळीत करायचा. घासताना पांढरी भुकटी उडायची. कामगार तिला पीठ म्हणत आणि स्वतःला पीठवाले. गेल्या वर्षी बाबांच्या टोळीतले दोघं धाप लागून लागून गेले, तेव्हा कळलं की त्या पिठातले बारीक तंतू छातीत जाऊन रुततात आणि वीस-तीस वर्षांनी फुप्फुस दगडासारखं करून टाकतात. मग जुन्या कामगारांसाठी एक्स-रेचं शिबिर झालं, चौकशीसाठी समिती नेमली गेली. उद्या बाबांना तिच्यासमोर जायचं होतं.

आजारी माणूस म्हणून बाबांचं बस्तान उत्तम बसलं होतं. खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली होती, पाठीला दोन उशा आल्या होत्या. पाणी, पेपर, चष्मा सगळं जागेवर मिळत होतं. आणून देणारी आई होती. आपण थोडं जास्तच खोकतो हे बाबांना कळत होतं. पण हयातभर हातात थापी धरून झाल्यावर घरात राजासारखं बसायला मिळत असेल, तर एखाददुसरा खोकला पदरचा घालायला काय हरकत होती?

समोरच्या सोफ्यावर काका बसले होते. ते बाबांचे धाकटे भाऊ, त्याच कारखान्यात फोरमन होऊन निवृत्त झालेले. धाकट्याच्या लग्नात पहिल्या पंगतीवरून जे झालं, त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. काका दर आठवड्याला यायचे, सोफ्यावर बसायचे आणि भावाला जे सांगायचं ते वहिनीला सांगायचे.

"वहिनी, दादाला म्हणावं, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत," काका म्हणाले. "ज्या कारखान्याने पोसलं त्याच्यावर असली चिखलफेक करायची?"

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "अहो, भावोजी म्हणतात..." ती थांबली, श्वास घेतला. "वासे मोजू नका."

"त्याला सांग, मी वासे मोजत नाही. डाग मोजतोय, छातीतले."

"भावोजी, हे म्हणतात..." आई पुन्हा थांबली. "तुम्ही ऐकलंतच की."

ताई त्याच वेळी दार ढकलून आत आली आणि आईची ती दोन थांबणी तिने मोजली.

ताईचं कामच ते होतं. ती एक्स-रे काढायची. 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा,' हे ती दिवसातून शंभरदा म्हणायची. हजारो अनोळखी छात्या तिने आरपार पाहिल्या होत्या आणि स्वतःची आई दोन वाक्यांच्या मध्ये थांबते, हे तिला आज ऐकू आलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शिबिरातसुद्धा आई फक्त बाबांचा शर्ट धरायला आली होती. "आलीच आहेस तर उभी राहा," असं ताई सहज म्हणाली, आणि आई शर्ट हातात घेऊनच मशिनसमोर उभी राहायला निघाली, तेव्हा सगळे हसले होते.

आता ताईच्या पिशवीत दोन लिफाफे होते. तीन दिवस ती ते घेऊन फिरत होती. फिल्मवरच्या नावाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार, असं आधी तिने ठामपणे धरलं. मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन तसं ऐटीत सांगितलंसुद्धा. त्यांनी बाबांच्या फिल्मवर बोट ठेवलं. डावीकडची एक बरगडी वाकडी जुळली होती. बाबा शिडीवरून पडले होते तेव्हाची. अदलाबदल झालेली नव्हती.

आईला स्वयंपाकघरात गाठून एकटीला सांगायचं, असं ताईने वाटेत ठरवलं होतं. पण बाबांनी पिशवी पाहिली.

"आला का माझा फोटो? आण इकडे. किती डाग आहेत?"

"बाबा, आधी मला आईशी बोलू द्या."

"फोटो माझा आणि बोलणं आईशी? अगं, मी मनाची तयारी केली आहे." बाबांनी उशीला पाठ टेकून चेहरा गंभीर केला. "बोल. किती दिवस आहेत?"

ताईला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही येईल असं वाटलं, म्हणून ती पटकन बोलून गेली.

"बाबा, तुम्हाला विशेष काही नाही. एका बाजूला फुप्फुसाच्या आवरणावर दोन लहान ठिपके आहेत, त्यांचा त्रास होत नाही. खोकला सिगारेटचा आहे. वर्षावर्षाला तपासायचं, बस."

बाबांनी टेकलेली पाठ उशीवरून उचलली. मरणाची तयारी केलेल्या माणसाला 'विशेष काही नाही' म्हटलं की जरा अपमान झाल्यासारखंच वाटतं.

"मग तू रडतेस कशाला?" आईने विचारलं.

"आई, तुझ्या दोन्ही फुप्फुसांचा तळ कडक झालाय. आवरणही जाड झालंय. त्या पिठाचा आजार तुला आहे."

आईने हातातला ट्रे टेबलावर ठेवला, एकेक कप सरळ केला आणि मग खुर्चीवर बसली.

"नीट बघ," बाबा म्हणाले. "ती कधी कारखान्याच्या फाटकातून आत गेली नाही. पीठवाला मी आहे."

"तुम्ही आणायचात ना घरी," ताई म्हणाली. "कपड्यांवरून."

बाबांना खोकला आला. खरा, न ठरवलेला, चांगला लांबलचक. पण यावेळी पाणी आणायला कोणी उठलं नाही. आई उठायला गेली तर ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. बाबांनी स्वतःच जाऊन माठातलं पाणी घेतलं. पेला कुठे असतो हे शोधायला त्यांना दोन फडताळं उघडावी लागली.

"रोज संध्याकाळी झटकायचे मी ते कपडे," आई सांगू लागली. ती कोणाकडे बघत नव्हती. "मागच्या अंगणात. आधी भिंतीवर आपटायचे, मग हाताने झटकायचे, मग बादलीत. ओल्यात पीठ गेलं की त्याचा चिकट लगदा व्हायचा, म्हणून कोरडंच झटकायचं. केस पांढरे व्हायचे माझे. ह्यांना म्हणायचे, 'कामावर जाता की दळणाला?' आणि हसायचे. दोन वर्षं झाली, दम लागतो. म्हटलं, वय झालं. ह्यांच्या आजारपणात आपलं कुठे सांगायचं? घरात आजारी माणूस एकच बरा."

बाबा पेला हातात धरून दारातच उभे राहिले. खुर्चीकडे गेले नाहीत.

"मी निवेदन बदलतो," धाकटा एकदम म्हणाला. "'माझ्या आईच्या श्वासाचे...'"

"माझं काही पळवून बिळवून नेऊ नकोस," आई म्हणाली.

"समिती फक्त कामगारांचे अर्ज घेते," काका सोफ्यावरून म्हणाले. आवाज कोरडा होता. "वहिनींनी जाऊ नये. आजारी माणसाला असल्या कचेऱ्यांत फिरवायचं आणि परत पाठवलं की तोंड पाडून यायचं. औषधपाणी करा, विश्रांती द्या."

"भावोजींचं बरोबर आहे," आई म्हणाली. "मला नाही जायचं. उद्या तुम्ही सगळे कामावर जा. उगाच तमाशा नको."

ताई काकांकडे वळली. "काका, तुम्ही कायम कारखान्याच्या बाजूने. आज तरी आईच्या बाजूने बोला."

"मी वहिनींच्याच बाजूने बोलतोय."

"बसा जरा सगळे," सून म्हणाली. ती आतापर्यंत लॅपटॉप मांडीवर घेऊन धाकट्याचं निवेदन टाइप करत होती. एका सरकारी कचेरीत अर्ज घेण्याच्या खिडकीत तिला अकरा वर्षं झाली होती. एक रकाना रिकामा असला तर अर्ज परत करायचा, हे ती इतक्या निर्विकारपणे करायची की लोक तिला 'परत खिडकी' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून थोडा अभिमानही होता. आज पहिल्यांदाच ती खिडकीच्या बाहेरच्या बाजूला होती. "अर्जात चार रकाने आहेत. नाव, व्यवसाय, विभाग, धुळीशी संपर्क कसा आला. आई, तुमचा व्यवसाय काय लिहू?"

"गृहिणी लिही, आणि दे सोडून."

"गृहिणी लिहिलं तर मीच परत केला असता," सून म्हणाली. "कामगाराचे कपडे झटकणं आणि धुणं, सव्वीस वर्षं, असं लिहिते. पण ते लगेच विचारतील, कपडे घरी का आले? कारखान्यात धुण्याची सोय नव्हती का?"

"होती," बाबा दारातून म्हणाले. "सुरुवातीची चार वर्षं होती. फाटकाजवळ धुण्याची खोली होती, दोन बायका कामाला होत्या. पुढे बंद झाली. नोटीस लागली, ज्याने त्याने आपले कपडे घरी धुवावेत."

"नोटीस कोणी काढली?"

बाबा पेल्यातलं पाणी पाहत राहिले.

काकांनी चहाचा कप उचलला आणि न पिता परत ठेवला. ती नोटीस त्यांना अक्षर न अक्षर पाठ होती. नवे नवे फोरमन झाले होते, साहेबांच्या नजरेत भरायचं होतं. धुण्याची खोली म्हणजे जागेचा अपव्यय, हा शोध त्यांचाच होता. साहेब खूश झाले. त्या खोलीत मग काकांची केबिन झाली, पंखा आणि टेबल असलेली, दारावर पाटी असलेली. किती जपली होती त्यांनी ती केबिन! टेबलावर धूळ दिसली तर ते शिपायाला ओरडायचे. धुळीची त्यांना फार चीड होती.

शिबिर लागल्यापासून ते दर आठवड्याला येऊन सुनावणीला विरोध करत होते. निष्ठा, मीठ, वासे, सगळी म्हणींची पेटी त्यांची उपसून झाली होती. खरं कारण एवढंच होतं, की चौकशीत कोणीतरी जुनी फाइल उघडेल आणि खाली सही दिसेल.

"दादा," काका म्हणाले.

सगळ्यांनी वर पाहिलं. नऊ वर्षांत हा शब्द वहिनीला वळसा न घालता आला नव्हता.

"दादा, नोटीस माझी होती. वरून हुकूम नव्हता. मीच सुचवलं, मीच काढली."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "सही तुझीच होती. तिला केवढी शेपटी असायची! लांबून ओळखू यायची."

"आणि तू काही बोलला नाहीस?"

"काय बोलू? मला तर बरंच वाटलं. त्या धुण्याच्या खोलीत माझा शर्ट दुसऱ्याला जायचा, दुसऱ्याचा मला यायचा. हिच्या हातचे कपडे परीटघडीचे असायचे. टोळीत मी ऐटीत फिरायचो." बाबांनी पेला खाली ठेवला. "म्हणायचो, बघा, पीठवाला असून कसा दिसतो."

"मलाही तोराच होता," आई म्हणाली. "सगळ्या चाळीत ह्यांचे कपडे पांढरे. शेजारणी विचारायच्या, काय करता हो? मी सांगायचे, कोरडं असतानाच चांगलं झटकायचं, जोर लावून. मीच शिकवलं त्यांना. मोठी आले होते शिकवणारी."

ती हसली आणि हसताना धाप लागली. ताई जवळ आली. आईने तिला हातानेच थांबवलं, श्वास जुळून येईपर्यंत ती टेबलाची कड धरून राहिली. कोणीच काही करू शकत नव्हतं. पाच माणसं तिच्या श्वासाची वाट पाहत थांबली.

"पण तोरा होता म्हणून चूक माझी होत नाही," ती म्हणाली. हसू गेलं होतं. "ते पीठ काय आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कारखान्यात कोणालातरी माहीत असणारच. भावोजी, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही वहिनी. खरंच नाही. पण मी विचारलंही नाही."

"मग तेच उद्या तिथे येऊन सांगा. तुम्ही दोघं भाऊ आपापली चूक कुरवाळत इथे बसलात तर माझ्या छातीला काय उपयोग?" ती सुनेकडे वळली. "लिही गं. कपडे झटकणं आणि धुणं, सव्वीस नाही, बावीस वर्षं. मी जाणार."

"आत्ता तर नाही म्हणत होतीस," धाकटा म्हणाला.

"आत्तापर्यंत मी आजारी नव्हते. मला नवीन आहे हे. चुकतमाकत शिकेन."

काका उठले. चहा तसाच होता. "येतो," एवढंच म्हणाले. कोणाला सांगितलं ते कळलं नाही. खिडकीतून ते दिसले, आपल्या घराच्या उलट दिशेला, जुन्या चाळींकडे चालले होते.

"गेला पळून," ताई म्हणाली.

"जाऊ दे," बाबा म्हणाले आणि बऱ्याच वेळाने खुर्चीकडे आले. पाठीच्या उशा काढून त्यांनी आईच्या खुर्चीवर ठेवल्या. उलट्या ठेवल्या होत्या. आई तशीच टेकून बसली.

सकाळी आई ठेवणीतली साडी नेसली आणि मग वाटेत तिला वाटलं, एवढं नटून कोणी आजारी दिसतं का? ह्यांना खोकला तरी येत होता. आपल्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही. नुसतं न येणारं काहीतरी आहे.

समितीची कचेरी तळमजल्यावरच होती. लांब व्हरांडा, एक बाक, बाकावर चार बायका. चौघींना आई ओळखत होती. दोघी मागच्या चाळीतल्या, एक वेल्डरची बायको. चौथीचा नवरा बाबांच्या टोळीतला, मागच्या वर्षी गेलेल्या दोघांपैकी एक. बाकाच्या टोकाला काका ताठ उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, हातात कागद.

"तुमच्या घरून निघालो तो थेट चाळीत गेलो," ते आईला म्हणाले. "प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, नोटीस मी काढली होती, धाप लागत असेल तर चला. दोन दारं तोंडावर आपटली. बरोबरच आहे." मग भावाकडे वळून ते म्हणाले, "दादा, साक्ष लिहून आणली आहे. वाचतोस? सही यावेळी साधी केली आहे, शेपटी नाही."

बाबांनी कागद घेतला, वाचला आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला. आत जाताना तो हात तसाच राहिला होता, कारण तो काढायचा कधी हे दोघांनाही कळलं नव्हतं.

टेबलामागे दोन डॉक्टर आणि एक अधिकारी होते.

"रुग्ण कोण?" अधिकाऱ्याने बाबांकडे पाहून विचारलं.

बाबांनी धाकट्याचं निवेदन खिशातच राहू दिलं. "रुग्ण ही," ते म्हणाले. "मी नुसता पुरवठा केला."

अधिकाऱ्याने अर्ज दोनदा वाचला. "बाई, तुम्ही कारखान्यात कामाला नव्हता."

"नव्हते. पण कारखाना माझ्याकडे यायचा. रोज संध्याकाळी."

दोघांतल्या वयाने मोठ्या डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी आईच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. "मोठा श्वास घ्या."

"असता तर घेतला असता," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. बराच वेळ त्या खालच्या बरगड्यांशी ऐकत राहिल्या. मग समोर येऊन बसल्या आणि सरळ बोलल्या. आत करकर ऐकू येते आहे. जे कडक झालं ते परत मऊ होणार नाही. वाढतं आहे का, हे तपासत राहावं लागेल. श्वासाचे व्यायाम आहेत, पुढे प्राणवायू लागू शकतो. आईने सगळं ऐकलं. मागे ताई रडते आहे हे तिला न वळताही कळलं. आपल्याला भीती वाटते आहे, हेही तिला तेव्हाच कळलं, आणि ती ज्या खुर्चीवर बसली होती तिचे हात तिने घट्ट धरले.

"यांची नोंद करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुठे करू?" अधिकारी म्हणाला. "यादी कामगारांची आहे."

"मग नवीन पान काढा."

त्याने वही उलटली, कोरं पान काढलं, वर एकचा आकडा घातला आणि सुनेने लिहिलं होतं ते जसंच्या तसं उतरवलं. मग पट्टी घेऊन तो खाली रेघ ओढू लागला.

"रेघ नका मारू," आई म्हणाली. "बाहेर अजून आहेत."

"किती?"

येताना तिने चार मोजल्या होत्या. तरी खात्री करावी म्हणून ती उठली, सावकाश दारापाशी गेली आणि दार उघडलं. बाकावर आता जागा नव्हती. भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या, काही जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या आणि फाटकातून अजून दोघी, एकमेकींचा हात धरून, थांबत थांबत आत येत होत्या.

"साहेब," आई म्हणाली, "पान पुरणार नाही."